नगरपंचायतीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) बंद पडलाय, नाला सरळ खाडीत. सुरुवात कुठून करायची?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये, सांभाळून घ्या. आमचं गाव तळकोकणात, खाडीच्या तोंडाला. नाव मुद्दाम लिहीत नाही, लहान गाव आहे, कोण बोललं ते लगेच कळतं. वस्ती पंधरा हजाराच्या आसपास आणि मे महिन्यात, दिवाळीत, ख्रिसमसला पर्यटक आले की दुप्पट. काही वर्षांपूर्वी गावाच्या खालच्या अंगाला सांडपाण्याचा प्लांट झाला. नारळ फुटला, पेपरात फोटो आले. सुरुवातीला रात्रीचा ब्लोअरचा (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राचा) आवाज येतो म्हणून आजूबाजूचे तक्रार करायचे, आता आवाज नाही आणि तक्रार पण नाही. ठेकेदाराची मुदत संपली, नवीन टेंडर निघालं नाही, मग एका पावसात पॅनेलमध्ये पाणी गेलं आणि शेवटी लाईटच तोडली असं सांगतात. गेटला कुलूप, टाक्यांत हिरवं पाणी आणि रेलिंगवर घोसाळ्याचा वेल चढलाय, त्याला घोसाळी पण धरलीत, कोणी तोडत नाही एवढंच.

नाला आधी प्लांटात वळवला होता तो आता बायपासच्या पाईपातून व्हाळात (ओढ्यात) आणि तिथून खाडीत. ओहोटीला जेटीवरून बघितलं की चिखलात काळा पट्टा दिसतो आणि वास येतो तो वेगळाच. त्याच पट्ट्याच्या थोडं वरच्या बाजूला बायका तिसऱ्या (छोटे शिंपले) काढायला बसतात, माझी काकी पण असते त्यात. तिला म्हटलं तिकडे जाऊ नको तर म्हणते "तुझो आजो हयलेच तिसरे खाय होतो, काय झाला तेका?" आता काय बोलणार.

ऑफिसात विचारलं तर उत्तर ठरलेलं, नवीन मोठा प्लांट येतोय, डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) चालू आहे, म्हणजे जुना दुरुस्त करायचा नाही. आम्ही चार-पाच जण मागे लागायचं म्हणतोय. जुनाच चालू करा म्हणून भांडावं की नव्याची वाट बघावी? तक्रार नक्की कोणाकडे करायची? तिसऱ्या खायच्या की नाही? आणि "एवढा मोठा दर्या, त्याला तुमच्या गटाराचं काय" असं म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं, कारण अर्धं गाव तेच म्हणतंय.

ब्लोअर_बंडू

भाऊ, असल्या प्लांटांवरच आयुष्य गेलं माझं, आधी ऑपरेटर आणि मग कमिशनिंगला, म्हणजे नवीन प्लांट चालू करून द्यायला, त्यामुळे तुझं एकेक वाक्य ओळखीचं वाटलं. फक्त घोसाळी नवीन.

आधी हिशेब कर. माणशी १३५ लिटर पाणी धरतात कागदावर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे १०८ लिटर. गुणिले पंधरा हजार, दिवसाला सोळा लाख लिटर, १.६ एमएलडी (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर). म्हणजे प्लांट दीड-दोन एमएलडीचा बांधला असणार. आता प्रत्यक्षात तिथे येत किती होतं? लहान गावात घरोघरी जोडण्या झालेल्या नसतात, संडास सेफ्टी टँकला आणि मोरीचं पाणी उघड्या गटारात, त्यातलं निम्मं वाटेतच जांभ्यात मुरतं. दोन एमएलडीच्या प्लांटात दोन-तीन लाख लिटर आलं की आतले जिवाणू उपाशी. लोकांना वाटतं एसटीपी म्हणजे सिमेंटची टाकी, पण तो गोठा आहे, आत जनावरं आहेत आणि त्यांना रोज चारा आणि हवा लागते. ब्लोअर चार-पाच तास बंद राहिला तर चालून जातं, दोन-तीन दिवस बंद राहिला तर गोठा मेला.

हे समजायला इंजिनिअर लागत नाही. ऑपरेटर रोज सकाळी हवेच्या टाकीतलं पाणी एका लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवतो. गाळ चॉकलेटी असेल, मातीसारखा वास असेल आणि अर्ध्या तासात खाली बसून वर नितळ पाणी उरत असेल तर प्लांट ठीक. काळा पडला, कुजक्या अंड्याचा वास आला, खाली बसेचना, तर संपलं. तो आकडा लॉगबुकात रोज लिहायचा असतो. तुमच्या प्लांटचं लॉगबुक मिळव. मी पैजेवर सांगतो, सगळीकडे तोच आकडा, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेला मिळेल.

किनाऱ्याला अजून एक भानगड असते जी घाटावरून आलेल्या कन्सल्टंटला कळत नाही. जमिनीतलं पाणी वर असतं, चेंबरचे सांधे गळके, उधाणाच्या भरतीला खारं पाणी गटारलाईनमध्ये शिरतं. पंपाला फुकटचं काम, जिवाणूंना मिठाचा झटका, आणि पॅनेल तर खाऱ्या हवेने तसाही सडतोच. त्यात एसबीआर टाईपचा, म्हणजे एकाच टाकीत पाळीपाळीने सगळं होणारा प्लांट असेल तर सगळं पीएलसीवर (छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरवर), ते कार्ड एकदा उडालं की दुरुस्तीला माणूस पुण्या-मुंबईहून येणार, त्याचं बिल कोण पास करणार, आणि तिथेच फाईल झोपते.

जुना चालू होईल का? सिव्हिल काम चांगलं असेल तर बहुतेक होतो. टाक्या उपसायच्या, तळाचे हवा सोडणारे डिफ्युझर तपासायचे (त्यांचे रबरी पडदे उन्हात वाळून चिरतात, ते बदलायचेच धरून चाल), मोटारी रिवाइंड, पॅनेल नवीन आणि या वेळी उंचावर, मग दुसऱ्या चालू प्लांटमधून टँकरभर जिवंत गाळ आणून ओतायचा, नाहीच मिळाला तर शेण पण चालतं. तीन-चार आठवड्यांत पाणी सुधारायला लागतं. खर्चाचं सांगतो, हजार लिटरला अर्धा युनिट वीज धर, लहान प्लांटला जरा जास्तच लागते. दिवसाला दहा लाख लिटर म्हणजे पाचशे युनिट, आठ रुपयाने चार हजार रुपये रोज, महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास नुसतं लाईट बिल. वर ऑपरेटर, केमिकल, गाळाची वाहतूक. बांधायला निधी मिळतो, फित कापायला माणसं मिळतात, पण या सव्वा लाखाचा धनी कोण हे तुमच्या गावात कोणीच ठरवलेलं नसणार. तो ठरेपर्यंत नवीन बांधलात तरी दोन वर्षांनी हीच पोस्ट परत लिहायची.

एक महत्त्वाचं राहिलं. फोटो काढायला म्हणून कोणी पोरगा सांडपाणी जमतं त्या पंपाच्या विहिरीत किंवा बंद चेंबरमध्ये उतरू नका. कोणी म्हणजे कोणीच नाही. तळाला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असतो, जास्त असला की वासच येईनासा होतो आणि माणूस जागेवर पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेफ्टी टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे तो उगाच नाही.

दर्यासारंग

काही होणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राला कचरा आणि सांडपाण्यापायी बारा हजार कोटींची भरपाई भरायला सांगितली. बारा हजार कोटी! तुमच्या गावच्या नाल्याला फरक पडला का? नाही ना. रापण ओढताना जाळ्यात काय काय येतं ते इथे लिहिलं तर पोस्ट उडवतील.

लॉज_आणि_मासळी

वरच्या सगळ्या पोस्टी वाचल्या. माझं लॉज आहे, बारा खोल्यांचं, शेजारच्या तालुक्यात. नेहमी बोट आमच्याकडेच दाखवतात म्हणून लिहितोय. आमच्या गावात प्लांट झाला तेव्हा आम्ही जोडणी मागितली, पैसे भरायची तयारी होती, लाईन आमच्या रस्त्यापर्यंत आलीच नाही. मग सेफ्टी टँक, दुसरा उपाय काय? सीझनला दर महिन्याला उपसावी लागते. टँकरवाला रात्री येतो, पैसे रोख, पावती नाही. एकदा विचारलं बाबा रे नेतोस कुठे, तर हसला आणि म्हणाला शेठ तुम्ही झोपा. आता तो कुठे ओततो हे मला माहीत नाही असं मी म्हणणार आणि तुम्ही मान डोलावणार, पण सगळ्यांना माहिती आहे. नगरपंचायतीने जागा दाखवावी, इथे ओत म्हणून, मी टँकरवाल्याला जास्तीचे पाचशे देईन. जागाच नाही.

खाडीकाठचा

@ब्लोअर_बंडू दादा, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं आजपर्यंत, आभार. चेंबरबद्दल ग्रुपवर टाकलं लगेच, आमच्यातला एक जण खरंच आत जायचं म्हणत होता.

@लॉज_आणि_मासळी शेठ, तुमचा मुद्दा पटला. आमच्याकडे पण टँकर पुलाखाली जातो, ते मी लिहिलं नव्हतं कारण टँकरवाला नात्यातला आहे. मला वाटत होतं नाला मोठा आणि टँकर किरकोळ.

ब्लोअर_बंडू

किरकोळ नाही रे. सेफ्टी टँकमधला गाळ साध्या सांडपाण्याच्या वीस-तीस पट जड असतो. पाच हजार लिटरचा एक टँकर म्हणजे लाख-दीड लाख लिटर गटाराचं पाणी एका जागी, एका वेळी ओतल्यासारखं. रात्री पुलाखाली आणि ते पण भांगाच्या दिवसात ओतलं, जेव्हा भरती-ओहोटी मंद असते, तर ते तिथेच घोटाळत बसतं.

आणि याला तोडगा महाराष्ट्रातच निघालाय. वाई नगरपालिकेने २०१८ पासून अख्ख्या गावाच्या सेफ्टी टँक पाळीपाळीने उपसायला घेतल्या, प्रत्येक घराला तीन वर्षांतून एकदा, तुंबायची वाट न बघता. त्यासाठी घरपट्टीबरोबर स्वच्छता कर. टँकर गाळ कुठेतरी ओतून येत नाही, गाळावर प्रक्रिया करणारा वेगळा प्लांट आहे तिथे खाली करतो. सिन्नरलाही असंच काम झालंय. कर्नाटकात देवनहळ्ळीला तर हे आधीच, २०१५ मध्ये झालं. भुयारी गटार सगळीकडे पोचायला वीस वर्षं लागतील, तोवर गावातला खरा मैला सेफ्टी टँकमध्येच आहे, हे या लोकांनी मान्य केलं आणि तिथून सुरुवात केली. तुमच्या जुन्या प्लांटच्या आवारात गाळ वाळवायचे वाफे असतील बघ, आयताकृती, खाली वाळू आणि खडी. ते साफ करून टँकर तिथे खाली करायची सोय झाली तरी खाडीवरचा मोठा भार महिन्या-दोन महिन्यांत उतरेल, आणि त्याला ब्लोअर पण लागत नाही. मी असतो तर पहिली मागणी हीच केली असती, प्लांट नंतर.

नव्या डीपीआरबद्दल पण बोलतो. मशीनवाला प्लांटच हवा असं कुठे आहे? नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेची फायटोरिड म्हणून पद्धत आहे, खडीचे वाफे, त्यात कर्दळ, पाणकणीस असली झाडं, पाणी खडीतून मुळांतून सरकत जातं. वीज जवळपास नाही. जागा जास्त लागते आणि कोकणात सपाट जागा सोन्याच्या भावाची हे कबूल, पण वाडीवाडीला छोटे-छोटे करता येतात. ठेकेदाराला यात मजा नसते कारण मशिनरीचं बिलच होत नाही.

मीनल_व्हिक्टोरिया

मी मूळची रत्नागिरीची, आता कॅनडात व्हिक्टोरियाला असते. "एवढा मोठा दर्या" हे वाक्य वाचून हसू आलं, कारण इथल्या लोकांनी ते कित्येक दशकं म्हटलंय आणि ते पण शास्त्रज्ञांच्या सहीनिशी! हे ब्रिटिश कोलंबियाच्या राजधानीचं शहर, श्रीमंत, बागा वगैरे, आणि २०२० संपत येईपर्यंत शहराचं मैलापाणी फक्त सहा मिलिमीटरच्या जाळीतून गाळून समुद्रात सोडत होते. किनाऱ्यापासून किलोमीटरच्या पुढे नेलेल्या दोन पाईपांतून, साठेक मीटर खोल. युक्तिवाद असा की हुआन दे फुका सामुद्रधुनीला प्रवाह जोरदार, पाणी थंड, सगळं विरून जातं, प्लांटचे पैसे दुसरीकडे वापरा. आणि हे नुसतं थापेबाजी नव्हतं हं, प्रवाह खरंच जोरदार आहे, विद्यापीठातले काही लोक शेवटपर्यंत तेच म्हणत होते. तरी त्या पाईपांच्या आसपास शिंपले काढायला बंदीच होती. समोर अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य, ते चिडलेले. मग एक गृहस्थ २००४ च्या सुमारास चक्क भल्या मोठ्या विष्ठेचा पोशाख घालून मोर्चांत फिरायला लागले, "मिस्टर फ्लोटी" नावाने. महापौरांच्या सभेला, पर्यटकांच्या बोटीजवळ, सगळीकडे! लोक हसले पण विषय पेपरातून हलला नाही. २०१२ मध्ये केंद्राचे नियमच आले आणि शेवटी ७७५ दशलक्ष डॉलरचा प्रकल्प झाला, बंदराच्या तोंडाशी, जिथे पूर्वी तेलाच्या टाक्या होत्या तिथे. दिवसाला १०८ दशलक्ष लिटर. मिस्टर फ्लोटी २०१७ मध्येच रिटायर झाले.

आता तुझ्या गावाचं. व्हिक्टोरियाचा युक्तिवाद खुल्या, खोल, थंड सामुद्रधुनीत होता तरी टिकला नाही. तुमची खाडी उथळ, गरम, आत कांदळवन, पाणी भरतीला परत आतच येतं. दर्यापर्यंत ते जातंय कुठे? म्हणणाऱ्यांना हेच विचार.

आणि बंडूदादा गाळाबद्दल म्हणतायत त्याला माझं अनुमोदन. इथे एवढे पैसे ओतून प्लांट झाला, त्याचा गाळ अठरा-एक किलोमीटर पाईपाने डोंगरावरच्या कचरा डेपोपर्यंत पंप करतात, तिथे वाळवून दाणे करतात, सिमेंटच्या भट्टीत जाळायचं ठरलेलं आणि भट्टीने घेतलं नाही की परत डेपोतच. यावरची भांडणं अजून चालू आहेत. पाणी साफ झालं म्हणजे मैला गायब झाला असं नसतं.

जुनी_लॅबवाली

तिसऱ्यांबद्दल कोणी नीट उत्तर दिलेलं नाही म्हणून लिहिते. पाण्याच्या प्रयोगशाळेत होते, आता निवृत्त.

मासा आणि शिंपला यात फरक आहे. मासा पाण्यातून पोहून निघून जातो. तिसऱ्या, कालवं, शिनाणे एका जागी बसून पाणी गाळतात आणि त्यातलं खाद्य ठेवतात, त्याबरोबर जंतू पण. पाण्यात कमी असलेली घाण त्यांच्या अंगात साठत जाते. काकूंच्या सासऱ्यांना काही झालं नाही ते बरोबरच असणार, तेव्हा गावात एवढे फ्लशचे संडास नव्हते आणि लॉज नव्हते, खाडीच वेगळी होती. शांघायमध्ये १९८८ साली मैलापाण्याने बाधलेल्या भागातले शिंपले अर्धेकच्चे खाऊन तीन लाखांच्या आसपास लोकांना कावीळ झाली होती, हिपॅटायटिस ए. आपण कच्चे खात नाही हे नशीब. पण एकशिपी करताना शिंपला उघडला की झालं असं समजून लगेच उतरवतात, ते पुरेसं नाही. उघडल्यावर चांगले तीन ते पाच मिनिटं खळखळ उकळू दे. आणि नाल्याच्या तोंडाशी, काळ्या पट्ट्याच्या आसपासच्या काढूच नका, उकळून सगळंच जात नाही. काकूंना खाडीच्या तोंडाकडे, वाळूच्या बाजूला जायला सांग, अर्थात तिथे मिळतात का ते त्यांनाच ठाऊक.

युरोपात शिंपल्यांच्या जागांना वर्ग देतात. शंभर ग्रॅम मांसात ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) २३० च्या आत असेल तर सरळ बाजारात, त्याच्यावर ४,६०० पर्यंत असेल तर स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करूनच विकायचे. आपल्याकडे किनाऱ्याच्या पाण्याचे वर्ग आहेत, त्यात आंघोळ आणि मासेमारीच्या पाण्याला मलजन्य कोलिफॉर्मची (मैल्यातून येणाऱ्या जिवाणूंची) मर्यादा शंभर मिलिलिटरमागे शंभर आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरला चार मिलिग्रॅम तरी हवा. शिंपले आणि मिठागराचा वर्ग त्याच्याही वरचा, तिथे ऑक्सिजन पाच.

आता खरी मेख. नमुना कधी घेतला यावर रिपोर्ट ठरतो. भर भरतीला जेटीवरून बाटली भरली तर समुद्राचं पाणी येणार आणि रिपोर्ट छान येणार. तुम्ही ओहोटी सरत आल्यावर घ्या, नाल्याच्या तोंडाशी एक, तिथून खाली शे-दोनशे पावलांवर एक आणि नाल्याच्या वर खाडीत एक, म्हणजे तुलना होते. जंतूंसाठी बाटली लॅबकडून निर्जंतुक केलेली आणा, बिसलेरीची चालत नाही. बाटलीत हाताची बोटं घालू नका, तोंड पाण्याच्या प्रवाहाकडे करून भरा, थोडी जागा वर मोकळी ठेवा, लगेच बर्फात. सहा तासांच्या आत लॅबला पोचलं तर उत्तम. तळकोकणातून मान्यताप्राप्त लॅब लांब पडते म्हणून पहाटेची ओहोटी बघून निघा. वेळ, तारीख, तिथी, भरतीची स्थिती वहीत लिहा, शक्य असेल तर दोन बाहेरच्या माणसांसमोर. ऑक्सिजन तिथल्या तिथे मोजावा लागतो, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या मॅडमना विचारा, पहाटेचा मोजा, कारण शेवाळ जास्त असलं तर दिवसा ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि रात्री कोसळतो. मेलेले मासे सकाळीच का दिसतात त्याचं कारण हे.

अर्जदार_१०रु

तक्रार कुठे याचं उत्तर. दर्यासारंगसाहेब निराश आहेत पण बारा हजार कोटींचा आदेश वरच्या पातळीवर असतो, गावातली फाईल गावातूनच हलवावी लागते.

पहिलं, माहिती अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. "प्लांट बंद का आहे" असं विचारू नका, "का" ला उत्तर देत नाहीत. कागद मागा: प्लांटचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आणि त्याची मुदत, देखभालीचा करारनामा, शेवटच्या बारा महिन्यांची लाईट बिलं, लॉगबुक, पाणी तपासणीचे रिपोर्ट, नव्या डीपीआरमधला चालवण्याच्या खर्चाचा भाग. लाईट बिल सगळ्यात बोलकं, लॉगबुकात प्लांट चालू आणि बिलात युनिट शून्य असं निघालं की पुढे फारसं भांडावं लागत नाही. आणि बहुतेकांना माहीत नसतं, याच कायद्याच्या कलम २ मध्ये नुसते कागदच नाहीत, कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा अधिकार पण आहे. म्हणजे कुलूप उघडून प्लांट बघायचा आणि नाल्याच्या पाण्याचा प्रमाणित नमुना मागायचा. अर्जात ते वेगळं स्पष्ट लिहा.

दुसरं, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार, रिपोर्ट आणि फोटो जोडून, पोच घेऊन. १९७४ च्या पाणी कायद्यात सांडपाणी सोडायला संमती लागते, नगरपंचायतीला पण, आणि कलम ३३ अ खाली मंडळ थेट निर्देश देऊ शकतं. किनाऱ्याच्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) नियमांत तर प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं निषिद्धच आहे, त्यामुळे एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना.

तिसरं, हरित लवाद, पुण्याला खंडपीठ आहे. शेवटचा पर्याय ठेवा, पण मुदतीचं भान ठेवा, कारण घडल्यापासून सहा महिने धरतात आणि भरपाई किंवा पूर्ववत करण्यासाठी पाच वर्षं. "नवीन प्लांट येतोय" ऐकत बसलात तर तेवढ्यात मुदत जाते.

आणि बंडूंचा सव्वा लाखाचा धनी. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ ला पर्यावरण सुरक्षा समितीच्या प्रकरणात यावरच बोट ठेवलंय, प्लांट उभारायला तीन वर्षं दिलीच, पण चालवायचा खर्च वापरणाऱ्यांकडून आकारणी करून उभा करा, जमत नसेल तर राज्याने उचलावा असंही म्हटलं. "निधी नाही" हे उत्तर आलं की या निकालाचा हवाला द्या. बांधायला तर स्वच्छ भारत शहरी २.० मध्ये लाखाच्या आतल्या गावांसाठी सांडपाण्याचा वेगळा भाग आहेच.

दर्यासारंग

लाईट बिलाची आयडिया चांगली आहे. आमच्याकडे पण टाकतो अर्ज.

लॉज_आणि_मासळी

कर लावा पण खोलीप्रमाणे लावा आणि रिकाम्या महिन्यांचा लावू नका. एवढं म्हणून मी गप्प.

खाडीकाठचा

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री आम्ही बसलो आणि ठरलं ते असं. प्लांट चालू करा ही मागणी पहिल्या ओळीत ठेवायची नाही. आधी वाफे साफ करून टँकर तिथे खाली करायची परवानगी, लॉजवाल्यांच्या आणि टँकरवाल्याच्या सहीसकट, कारण तो म्हणाला मला पण रात्रीचं जायला हौस नाही, दिवसा जागा द्या. माहिती अधिकार दोन नावांनी टाकतोय, एक कागदांसाठी आणि एक पाहणी आणि नमुन्यासाठी. लॅबवाल्या ताई, अमावस्येनंतरची पहाटेची ओहोटी धरलीये, बाटल्या तालुक्याच्या लॅबमधून मिळतील असं कळलं. काकीला उकळायचं सांगितलं तर म्हणाली मग ते रबरासारखे होतील. नाल्याकडे मात्र जात नाही म्हणाली, बघू.

एक प्रश्न राहिला. बायपासच्या पाईपावर एक मोठं चाक असलेला व्हॉल्व आहे, कोणी म्हणतो तो फिरवला की नाला परत प्लांटात जाईल. फिरवू का?

ब्लोअर_बंडू

अजिबात नको! पंप बंद असताना नाला आत घेतलास तर विहीर भरून मागच्या वस्तीतल्या चेंबरांतून मैला वर येईल, आणि मग सगळं खापर तुमच्यावर. व्हॉल्व जसा आहे तसा राहू दे, बाहेरून दिवसा एक फोटो काढून इथे टाक, स्पिंडल (चाकाचा दांडा) किती वर आहे ते दिसेल असा. अर्धा उघडा अडकलाय की पूर्ण, त्यावरून आत अजून पाणी जातंय का ते सांगता येईल. ते टाक्यांतलं हिरवं पाणी पावसाचं आहे की नाल्याचं, हे पाहणीच्या दिवसाआधी कळलेलं बरं.